मागे पडल्यावर एक्क्याच्या घरात बसून राहायचं का?

पटावरचा:
बॅकगॅमन (दोघांचा फाशांचा पटावरचा खेळ) शिकणाऱ्याला हमखास सांगितलं जातं, 'मागच्या दोन सोंगट्या हलवू नकोस, शेवटी फटका मारायला, म्हणजे समोरच्याची एकटी सोंगटी मारायला, कामी येतील.' हा सल्ला बंद व्हायला हवा. समोरच्याच्या पहिल्या घरात, म्हणजे एक्क्याच्या घरात, बसून राहिलात तर सहा-सात डावांत एखादा हाती लागतो आणि हरताना बऱ्याचदा गॅमन (एकही सोंगटी बाहेर न काढता हार, दुप्पट गुण) बसतो. क्यूब (डावाचे गुण दुप्पट करणारा ठोकळा) २ वर असेल तर एका डावात ४ गुण गेले. बचाव करायचा तर लवकर त्याच्या पाचव्या घरात दोन सोंगट्यांचा अँकर (समोरच्याला मारता न येणारी जोडी) बसवा. तिथे कोंडून राहायची भीती कमी. आयबीएममध्ये टेसॉरो यांनी केलेला टीडी-गॅमन हा संगणक-प्रोग्राम सलामीच्या २-१ फाशांना स्वतःच्या शेवटच्या सहा घरांत सोंगटी उघडी टाकण्यापेक्षा मागची एक घर पुढे सरकवायचा. पट्टीच्या खेळाडूंनी ते उचललं, यातच सगळं आलं.

दुपारचा डाव:
साफ अमान्य. पाचवं घर मिळालं तर कोण नाही म्हणेल? पण समोरचाही तेच आधी बांधायला धडपडतो. शिवाय तिथून फटके मिळतात कुठे? त्याची एकटी सोंगटी मधल्या घरावर राहिली तर ती आठ घरं लांब, म्हणजे ३६ पैकी जेमतेम ६ फासे. त्यापेक्षा तो सोंगट्या बाहेर काढायला लागला की घरातच एखादी उघडी पडते. एक्क्याच्या घरातून तिच्यावर निदान ११ फासे तरी असतात. फासे सतत रुसले असतील तर तेवढाच आधार उरतो, तोही सोडायचा?

पटावरचा:
फटका बसला, पुढे काय? वाट बघता बघता तुमची स्वतःची शेवटची सहा घरं मोडलेली असतात. खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. त्यातली पाच घरं जोड्यांनी बंद असतील तर मारलेली सोंगटी ३६ पैकी २५ वेळा पटावर परत आत येत नाही. तीनच उरली असतील तर फक्त ९ वेळा. मधे एक ६-६ पडला आणि मागच्यांची वाट अडलेली असली की बाहेरच्या सोंगट्या धडाधड आत येतात आणि थोड्याच फाशांत पाचवं-सहावं घर सोडावं लागतं. दोन-दोन अँकर धरून बसणाऱ्यांचं तर विचारूच नका: चार सोंगट्या मागे, स्वतःची घरं बांधायला अकराच.

क्यूबवाली:
दोघंही गुणफलक विसरताय. पाच गुणांचा सामना ४-४ वर आला की एकच गुण हवा असतो, म्हणून गॅमनची किंमत शून्य. तिथे एक्क्याचं घर मी बिनधास्त धरते.

दुपारचा डाव:
४-४ ला तर धरायचंच. पण ०-० ला सुद्धा, शर्यतीत शंभर-सव्वाशे ठिपके मागे असताना मागच्या सोंगट्या पळवून काय साधणार? पटावरच्यांनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही.