सोयाबीनच्या इंदुरात शेवाळाचं प्रोटीन: घालावं की नाही?

सेवपरमल
नमस्कार मंडळी. सांवेर रोडला आमचा नमकीनचा छोटा कारखाना आहे. गेले तीन महिने मी बेसनात स्पिरुलिनाची, म्हणजे शेवाळ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका सूक्ष्म जीवाची पूड घालून सेव पाडून बघते आहे, सोयावडी-हरभऱ्याच्या टिक्कीतही घालते आहे. घरात यावरून दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, "डबक्यातलं शेवाळ गिऱ्हाइकाला खायला घालायचं?" मला हे मनापासून पटलंय, म्हणून इथे मांडते.

वाळलेल्या स्पिरुलिनात वजनाच्या 55 ते 70 टक्के प्रोटीन असतं. तूरडाळीत 22च्या आसपास, शेंगदाण्यात 25. आणि हे कालपरवाचं खूळ नाही. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठी कानेंबू बायका ते पाण्यातून गाळतात, वाळवून त्याच्या वड्या करतात आणि कालवणात घालतात. त्याला त्या 'दिहे' म्हणतात. मेक्सिकोच्या तेश्कोको सरोवरातून अझ्टेक लोकही काढून खात असत.

आता जमिनीचा हिशेब बघा. सोयाबीन हेक्टरी 10-12 क्विंटल, म्हणजे प्रोटीन चार क्विंटल. स्पिरुलिनाच्या उथळ हौदात चौरस मीटरला दिवसाला 8 ग्रॅम आणि वर्षाचे 250 दिवस धरले, तर हेक्टरी 20 टन पूड, त्यात 12 टन प्रोटीन! आपल्या शहराभोवतीची जमीन रोज कॉलन्यांखाली जाते आहे. मांस न खाणाऱ्या माणसाला यापुढे प्रोटीन कुठून मिळणार, याचा विचार आपणच करायला हवा ना?

काळीमाती
ताई, मी सांवेर तहसीलचाच, सोयाबीनवाला. तुमचा हिशेब चुकीचा नाही, अर्धा आहे.

माझ्या भाच्याने दोन वर्षं हे हौद करून पाहिले. 1000 लिटर पाण्यातून अर्धा ते एक किलो पूड निघते. तुमच्या 20 टनांसाठी दोन ते चार कोटी लिटर पाणी गाळायचं. तेच पाणी परत हौदात जातं हे मान्य, पण ते सारखं हलतं ठेवायला वीज लागते आणि ओला लगदा वाळवायला त्याहून जास्त. पोरगा तिथेच थकला. डिसेंबर-जानेवारीत वाढ जवळजवळ थांबायची, मे महिन्यात हिरवी जाळी ताणावी लागायची. 250 दिवस माळव्यात कुठून आणता?

दुसरं असं की सोयाबीन आपल्या मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतं. स्पिरुलिनाला ते जमत नाही. त्याला नायट्रेट द्या, पोत्यांनी खायचा सोडा द्या.

आणि तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीची जी वडी होते, तिच्यात 50 टक्क्यांवर प्रोटीन आहे. किराणा दुकानात किलोला शे-दीडशे रुपयांत मिळते. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे. तरी आमचा माल पेंड होऊन कोंबड्यांपुढे जातो. 2024-25चा हमीभाव 4892 रुपये होता आणि आम्ही 6000 मागत रस्त्यावर उतरलो होतो. दारातलं प्रोटीन अजून ताटात पोचलं नाही, तोवर हौदातलं कशाला?

डायटवाली
सेवपरमलताई, तुमची तळमळ कळते. पण आकडा पुडीचा न बघता घासाचा बघा. सेवेत किती टक्के घालता?

सेवपरमल
पाच. त्यावर गेलं की कडवट लागते.

डायटवाली
म्हणजे 30 ग्रॅम सेवेत दीड ग्रॅम पूड, आणि प्रोटीन सुमारे 0.9 ग्रॅम. सहा-सात शेंगदाण्यांत तेवढं मिळतं. शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅम हे खरंच आहे, पण शंभर ग्रॅम स्पिरुलिना कोणी खात नाही.

त्याहून मोठी काळजी व्हिटॅमिन बी-12ची. माझ्याकडे येणाऱ्या शाकाहारी बायकांपैकी कितीतरी जणी "मी स्पिरुलिना घेते, मग बी-12 कसं कमी?" असं विचारतात. त्यातलं बरंचसं बी-12 हे आपल्या शरीराला उपयोगी नसलेलं, नुसतं दिसायला तसं असलेलं रूप आहे. हातापायांना मुंग्या येईपर्यंत बाई स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबून राहते. पाकिटावर हा शब्द कृपा करून छापू नका. आणि ज्यांचं युरिक अॅसिड वाढलेलं असतं, गाऊट आहे, त्यांना सूक्ष्म शेवाळ भरपूर खायला मी सांगणार नाही. त्यात युरिक अॅसिड वाढवणारी न्यूक्लिक आम्लं डाळीपेक्षा बरीच जास्त असतात.

हौदातली_हिरवळ
मी मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि सेवपरमलच्या बाजूने आहे. आधी तुमच्या सासऱ्यांसाठी. स्पिरुलिना शेवाळाच्या नावाने विकलं जातं, पण आहे ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर वाढणारे जीवाणू, आणि तळ्यावर येणारी हिरवी साय वेगळी. त्या सायीतल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृताला घातक विष तयार करतात. स्पिरुलिना 9 ते 11 पीएचच्या खारट-क्षारयुक्त पाण्यात वाढतं, तिथे बाकीच्या बहुतेकांचा निभाव लागत नाही. तरी उघड्या हौदात भेसळ शिरू शकते, जड धातूही येऊ शकतात. म्हणून प्रत्येक लॉटचा मायक्रोसिस्टिन आणि शिसं-आर्सेनिकचा रिपोर्ट मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

काळीमाती दादा, खर्चाचं तुमचं म्हणणं आज खरं आहे. पण सोयाबीनही इथे एका दिवसात रुजलं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ते नव्याने आलं तेव्हा माळव्यात कोणाला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. आज तुमचं घर त्यावर चालतं. नव्या पिकाला शिकायला वेळ द्यावा लागतो. क्लोरेला या दुसऱ्या सूक्ष्म शेवाळाचंच बघा. त्याची पेशीभित्ती इतकी चिवट की ती फोडल्याशिवाय आतलं प्रोटीन नीट पचत नाही. फोडायची तंत्रं निघाली. अंधारात साखरेवर वाढवलेलं पिवळं क्लोरेलाही निघालं, त्याला हिरवा रंग नाही आणि वासही कमी.

काळीमाती
अंधारात साखरेवर? मग साखरेला ऊस आला, उसाला जमीन आली, पाणी आलं. जमीन वाचली कुठे, मॅडम?

हौदातली_हिरवळ
हा मुद्दा रास्त आहे. पिवळ्या क्लोरेलाला जमीन वाचल्याचा हिशेब लागू होत नाही, मागे घेते.

छावणीकर
मी दुकानदार, साधं सांगतो वहिनी. माझ्याकडे येणारे निम्मे जैन. ते लील-फूग, म्हणजे शेवाळ-बुरशी, वर्ज्य मानतात. पाकिटावर हिरवा ठिपका असला तरी ते घेणार नाहीत, आणि न सांगता विकणं म्हणजे विश्वासघात. शिवाय तुमची सेव मी चाखली होती. तळल्यावर रंग मळका झाला होता आणि मागून मासळीसारखा वास येत होता. इंदूरचा माणूस पोह्यांवर ती सेव टाकणार नाही.

सेवपरमल
सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस विचार केला.

सेव बंद करते. कढईच्या तापमानाला त्यातला फायकोसायनिन हा निळा रंग टिकत नाही, तो 60 अंशांच्या पुढे झपाट्याने जातो. दीड ग्रॅमसाठी तळण खराब करण्यात अर्थ नाही. बी-12 छापणार नाही, "हाय प्रोटीन"ही नाही.

टिक्की मात्र सोडत नाही. तिच्यात 100 ग्रॅमला 6 ग्रॅम पूड आहे, त्या पुडीचंच प्रोटीन साडेतीन ग्रॅमच्या वर जातं, आणि पालक-पुदिन्यात वास झाकतो. काळीमाती दादा, त्या टिक्कीत 20 ग्रॅम सोयावडी आहे. दहा ग्रॅम प्रोटीन तुमचंच आहे.

काळीमाती
मग पाकिटावर मोठ्या अक्षरात सोयाबीन लिहा ताई. तीन भाग प्रोटीन आमच्याकडून आणि नाव हौदाचं, हे मला नाही पटत.

सेवपरमल
लिहीन. आधी सोयाबीन, मग स्पिरुलिना, दोन्ही टक्क्यांसह, आणि जैन गिऱ्हाइकांसाठी समोरच्याच बाजूला. पुढच्या लॉटचा रिपोर्ट मागवलाय, आला की इथेच टाकते.