क्वायरमुळे शास्त्रीय गाणं बिघडतं का?

ताई, मुलगी मिशनच्या कॉलेजात अकरावीला संगीत घेतेय आणि तिथल्या क्वायरमुळे (चर्चच्या धर्तीच्या समूहगानामुळे) तिचं शास्त्रीय गाणं बिघडेल, अशी भीती तुम्ही लिहिलीय. मी जालन्यात अशाच शाळेत शिकले, म्हणून सांगते.

मी आल्टोत, म्हणजे मुलींच्या खालच्या आवाजाच्या गटात होते. मुख्य चाल सोप्रानोकडे, म्हणजे वरच्या आवाजाच्या गटाकडे, आमच्या वाट्याला एकेका स्वरावर रेंगाळणारी खालची ओळ. पहिले दोन महिने मी सारखी शेजारणीच्या सुरात घसरायचे. सर ओळीच्या शेवटी पेन्सिलीने श्वासाची खूण करायला लावत. सगळ्यांनी तिथेच एकदम श्वास घ्यायचा. दुसऱ्याचं ऐकताना आपला सूर धरून ठेवणं मी तिथेच शिकले. पुढे शास्त्रीय गायनाच्या विशारद परीक्षेतल्या मंचप्रदर्शनाला ते फार कामी आलं.

काळजी एकाच गोष्टीची घ्या. पियानोचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. दरबारी रागातला उतरलेला, आंदोलित (हळूवार झुलणारा) गंधार त्यात सापडत नाही. (पेटीचंही तेच, तीही युरोपातूनच आली.) म्हणून घरचा रियाज तानपुऱ्यावर होऊ द्या.

आणि चर्चमधलं सगळंच गाणं पाश्चात्त्य नसतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या धाटणीची ख्रिस्ती भजनं लिहिली. तिला असं एखादं भजन एकटीने म्हणू द्या, असं तिच्या सरांना सांगून बघा. एकटीने उभं राहून गायची सवय क्वायरमध्ये लागत नाही, आणि प्रात्यक्षिकाला परीक्षकांसमोर ती एकटीच असणार.