फवारणीचे दिवस आणि नवीन एबीजी मशीन: रिपोर्ट कसा वाचायचा?

रात्रपाळी_यवतमाळ:
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल ऑफिसर आहे. आमच्याकडे एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारं) मशीन नुकतंच बसलं आणि कापसावर फवारणीही जोरात आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक पोटात गेलेल्या एका कास्तकाराचा रिपोर्ट: पीएच ७.१२, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ३८, बायकार्ब (आम्ल शमवणारा बायकार्बोनेट) १२, सोडियम १३८, क्लोराइड ९८, लॅक्टेट ९. मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस (रक्तातलं आम्ल वाढणं) आहे हे दिसतंय. पीसीओटूवर मशीनने खूण केलेली नाही, म्हणजे श्वासाची बाजू ठीक समजायची का? कॅज्युअल्टीत उभ्याउभ्या वाचता येईल अशी पद्धत सुचवा.

भूलतज्ज्ञ_नागपूर:
डॉक्टर, या रिपोर्टमधला सगळ्यात धोक्याचा आकडा तोच ३८ आहे. बायकार्बची दीडपट करा, त्यात ८ मिळवा: १८ अधिक ८, म्हणजे २६. दोन इकडेतिकडे. एवढ्या अ‍ॅसिडोसिसमध्ये माणसाने धापा टाकून पीसीओटू २६ च्या आसपास आणायला हवा. ३८ आहे म्हणजे श्वासाचे स्नायू थकलेत किंवा छातीत स्राव भरलाय. मशीन ३५ ते ४५ ला नॉर्मल म्हणतं, त्याला पेशंट दिसत नाही. अशा वेळी अ‍ॅट्रोपिन छाती कोरडी होईपर्यंत वाढवत न्या आणि श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबची तयारी ठेवा. १०८ मध्ये बसवून रेफर करायचं असेल तर श्वासनलिका आधी सुरक्षित करा, रस्त्यात नाही. नुसतं सोडाबायकार्ब ढकलू नका, त्यातून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची ताकद याच्यात नाही.

अ‍ॅनायन गॅप प्रत्येक वेळी काढा. सोडियम वजा क्लोराइड वजा बायकार्ब: १३८ वजा ९८ वजा १२, म्हणजे २८. साधारण १२ पर्यंत चालतो. इथे वाढलेल्या लॅक्टेट या आम्लाने बराचसा खुलासा होतो. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर ४ च्या खाली दर एका ग्रॅममागे गॅपमध्ये अडीच मिळवा. आपल्याकडच्या कुपोषित पेशंटमध्ये हे विसरलं की वाढलेला गॅप नॉर्मल वाटतो.

फिजिशियन_चंद्रपूर:
सरांशी सहमत. भर एवढीच की दर वेळी धमनी टोचू नका. पीएच, बायकार्ब, लॅक्टेटसाठी शिरेतलं रक्त पुरतं, पीएच साधारण ०.०३ ने कमी येतो. शिरेतला पीसीओटू ४५ च्या आत असेल तर कार्बन डायऑक्साइड साठल्याची शक्यता फार कमी. त्याहून जास्त आला किंवा पेशंट शॉकमध्ये असला तर मात्र धमनीचंच घ्या. घोणस चावलेल्याला रक्त गोठत नसतं, तिथे तर आधी शिरेचंच.

लॅब_टेक्निशियन:
मॅडम, सर, सॅम्पलबद्दल बोलतो. सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं हेपारिन जास्त राहिलं की पीसीओटू आणि बायकार्ब खोटे कमी येतात. सुई आतून ओली झाली की उरलेलं सगळं ढकलून टाका. बुडबुडा लगेच काढा आणि अर्ध्या तासाच्या आत मशीनला लावा.

रात्रपाळी_यवतमाळ:
मनापासून आभार, सर. दीडपट अधिक ८ मशीनशेजारी लिहून चिकटवतो. मण्यार चावलेल्या पेशंटलाही गॅस (एबीजी) करावा का?

भूलतज्ज्ञ_नागपूर:
करा, पण त्यावर थांबू नका. सुरुवातीला गॅस अगदी चांगला येतो. पापण्या खाली येतायत का, मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजतो, हे दर थोड्या वेळाने बघा. पीसीओटू वाढायची वाट पाहिली तर ट्यूबला उशीर झालेला असतो.