मदत हवी आहे: वडील ६१ वर्षांचे, मॅरेथॉन धावतात, कॅल्शियम स्कोअर २१२. धावणं थांबवायचं का?

बाबा दादरला राहतात. आठवड्याला ५०-५५ किलोमीटर धावणं होतं: एरवी शिवाजी पार्क, रविवारी मरीन ड्राइव्हपर्यंत लांबची धाव. जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनची फुल करायची आहे. चेकअपमध्ये कोरोनरी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साचलंय, याचं सीटी स्कॅनने केलेलं मोजमाप) २१२ आला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, बीपी १३४/८४, सिगारेट नाही, छातीत कधी त्रास नाही. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम (कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन प्रकारातली गोळी) लिहून दिली आणि धावणं बंद करायला सांगितलं. धावण्याच्या ग्रुपमधले म्हणतात, धावणाऱ्यांचं कॅल्शियम निरुपद्रवी असतं आणि गोळीने पायांतली ताकद जाते. गोळ्या तशाच पडून आहेत. कोणाचं ऐकायचं? पुढे कोणती तपासणी करायची?

प्रतिसाद १
ग्रुपचं म्हणणं अर्धवट आहे. २०१७ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासांत दिसलं की वर्षानुवर्षं भरपूर व्यायाम करणाऱ्या पुरुषांत कॅल्शियम जास्त सापडतं, पण त्यांच्या धमन्यांत साचलेले थर बरेचदा पूर्ण कॅल्शियमचे, म्हणजे तुलनेने टणक आणि फुटायला कठीण असतात. तिथूनच हा 'निरुपद्रवी'चा समज पसरला. २०२३ च्या बेल्जियममधल्या अभ्यासात मात्र आयुष्यभर धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांत मऊ थरही कमी आढळले नाहीत. आणि बाबांचे थर कोणत्या जातीचे, हे स्कोअरवरून कळतच नाही. त्या साध्या सीटीत फक्त कॅल्शियम दिसतं.

दुसरीकडे, सरसकट धावणं बंद करण्यालाही आधार नाही. डॅलसमधल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात स्कोअर १०० च्या वर असलेल्यांपैकी खूप व्यायाम करणारे कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने दगावले नाहीत. त्यामुळे प्रश्न धावण्यापेक्षा त्या १३८ एलडीएलचा आहे. ते धावून भरून निघत नाही. स्कोअर १०० च्या वर गेला की स्टॅटिनचा विचार करावाच लागतो. कृपया गोळी अशी पडून ठेवू नका.

प्रतिसाद २
तपासणीबद्दल. पहिली पायरी टीएमटी (ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवत-पळवत ईसीजी काढतात ती टेस्ट), पण ती नीट करून घ्या. पुष्कळ सेंटरवर अंदाजे कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांवर पट्टा थांबवतात. अंदाजे कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय: ६१ व्या वर्षी १५९, त्याचे ८५ टक्के १३५. हा आकडा बाबा रोजच्या सरावातच गाठत असतील, म्हणजे टेस्टचा उपयोगच काय! आधीच सांगा: त्रास झाला नाही, ईसीजी बिघडला नाही, तर पूर्ण दमेपर्यंत चालू ठेवा. थांबल्यावरही ईसीजी काही मिनिटं सुरू राहिला पाहिजे, कधी कधी बदल तेव्हाच दिसतात.

टीएमटी निगेटिव्ह आली म्हणजे धमन्या स्वच्छ, असं नाही. रक्त अडेल इतकं मोठं अरुंदीकरण बहुधा नाही, इतकंच. ६० टक्के अरुंद झालेली धमनी त्यात सहज सुटते. टीएमटी पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तर कार्डिऑलॉजिस्ट सीटी अँजिओग्राफी (सीटीत धमन्या आतून दाखवणारी) किंवा स्ट्रेस इको (ताण दिल्यावर हृदयाची सोनोग्राफी) सुचवतील. तोवर स्पीडवर्क, चढ आणि स्पर्धा नको. बोलता बोलता धावता येईल इतकाच वेग ठेवा.

लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा रक्तातला एक कण) एकदा जरूर तपासा. ते आनुवंशिक असतं, व्यायामाने हलत नाही, आणि ५० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या वर असेल तर तुम्हा भावंडांनीही आपापलं तपासून घ्यावं.

धागाकर्ता
धन्यवाद. गोळीने स्नायू दुखले तर कसं ओळखायचं? आणि स्कोअर वर्षाने पुन्हा करू का?

प्रतिसाद १
गोळी सुरू करण्यापूर्वी सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि लिव्हरची तपासणी करून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. रक्त द्यायच्या आधी ५-७ दिवस लांब किंवा जोरदार धाव नको. लांब धावेनंतर सीके सहज कित्येक पट वाढतं, लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटीही वाढतं (ते स्नायूंतूनही येतं), आणि दोष गोळीवर जातो. रविवारी ३० किलोमीटर आणि सोमवारी सकाळी रक्त, हा घोळ धावणाऱ्यांच्या बाबतीत फार होतो. गोळीचं दुखणं बहुधा दोन्ही मांड्यांत सारखं असतं आणि विश्रांतीनेही हटत नाही. तसं झालं तर स्वतःहून बंद करू नका. डोस किंवा औषध बदलता येतं.

एलडीएल ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा करा. रोसुव्हास्टॅटिन २० ने ते साधारण निम्म्यावर येतं, म्हणजे ७० च्या आसपास. कमी पडलं तर एझेटिमाइब १० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडतात. स्कोअर मात्र पुन्हा करू नका. स्टॅटिनने मऊ थर टणक होतात आणि आकडा उलट वाढू शकतो. उगाच धसका बसेल.

प्रतिसाद ३
टेस्ट नीट निघाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर: १५ मिनिटं वॉर्मअप, पेडर रोडच्या चढावर वेग सोडून श्वासावर लक्ष, शेवटच्या पाचशे मीटरला स्प्रिंट नाही. मुंबईच्या दमट हवेत त्याच वेगाला ठोके वाढतात, म्हणून घड्याळातल्या वेगाला धरून बसू नये. धावेच्या आधी डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी नको. ताप असेल तर त्या दिवशी धावूच नये. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीच्या वेगाला अचानक धाप लागणं, यांतलं काहीही झालं तर गॅस समजून चालत राहू नये. तिथेच बसावं आणि १०८ ला फोन करायला सांगावं.