क्लबच्या पाळकाचं काम प्रार्थनेपुरतं नाही
सामन्याआधी प्रार्थना म्हटली की क्लबच्या पाळकाचं, म्हणजे खेळाडूंना आधार देणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूचं, काम झालं, असं काहींना वाटतं. ते पटत नाही. खरं काम सरावाच्या वेळचं. आठवड्याचा एक वार ठरवून बेळगावच्या लेले मैदानाच्या कडेला उभं राहावं, बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या पोरांशी मराठी-कन्नडात बोलावं. गुडघ्याचा एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) फाटलेला खेळाडू नऊ-नऊ महिने बाहेर बसतो. ऑपरेशनच्या दिवशी सगळेच फोन करतात, दोन महिन्यांनी कुणी नाही. घरी जायचं ते तेव्हा. त्यानं मन मोकळं केलेलं कोचच्या कानावर गेलं की विश्वास संपला, म्हणून पाळकानं संघनिवडीच्या चर्चेत बसूच नये. जिवाला धोका किंवा मुलांवर अत्याचार असेल तर मात्र गप्प राहायचं नाही. अठराखालच्यांशी बंद खोलीत एकट्यानं बोलू नये. आणि संघात सगळ्या धर्मांची मुलं असतात, तेव्हा प्रार्थना मागितली तरच.