आरटी (रिअल-टाइम) कर्नल सगळ्यांनी लावावा का? सरासरी लेटन्सी (उशीर) बघून मी फसलो होतो

दादरचा रेकॉर्डिस्ट
आमची दादरला रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे, लिनक्सवर चालते. मागच्या महिन्यात एका तबलावादकांचा तीनतालातला पेशकार एका दमात जमला होता आणि सातव्या मिनिटाला, बरोबर समेवर, 'टक्'. टेक वाया. ते काही बोलले नाहीत, हात पुसून पुन्हा बसले. मलाच मान वर करवेना.

आमचा बफर (एका वेळी उचलायचा आवाजाचा तुकडा) ६४ सॅम्पलचा, सेकंदाला ४८,००० सॅम्पल. म्हणजे दर १.३३ मिलिसेकंदाला आमचा प्रोग्रॅम जागा व्हायलाच हवा. सायक्लिकटेस्ट लावली. थ्रेड (प्रोग्रॅममधलं एक चालतं काम) ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा उठतो, ते ती मोजते. सरासरी ५ मायक्रोसेकंद, कमाल २,१००, म्हणजे २.१ मिलिसेकंद! तो एकच उशीर रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो.

माझं मत स्पष्ट आहे. आरटी म्हणजे कामं ठरल्या वेळेत व्हावीत म्हणून केलेला लिनक्स कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, बदल. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मूळ कर्नलमध्ये आला, ६.१२ पासून वेगळा पॅच लावावा लागत नाही. आता सगळ्यांनी तोच लावावा.

अंधेरी सर्व्हरवाला
'सगळ्यांनी' हे अजिबात मान्य नाही. आरटीमध्ये बहुतेक स्पिनलॉकच्या (वाट बघताना प्रोसेसर अडवून ठेवणाऱ्या कुलपांच्या) जागी झोपू शकणारे लॉक येतात, इंटरप्टचं (हार्डवेअरने मारलेल्या हाकेचं) काम थ्रेडमध्ये जातं. मधेच थांबवणं सोपं होतं, पण कॉन्टेक्स्ट स्विच (एका कामावरून दुसऱ्यावर उड्या) वाढतात आणि एकूण काम कमी उरकतं. आम्ही डेटाबेसच्या मशीनवर लावला होता, आठवड्यात काढला.

आणि ते २,१०० कर्नलचेच कशावरून? बायोस एसएमआयने (कर्नलला न दिसणाऱ्या खास इंटरप्टने) प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेतो, कर्नलला पत्ताही लागत नाही. तिथे आरटी काय करणार? आधी एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट चालवा, ते असे हार्डवेअरचे उशीर शोधतं.

अजून एक. सायक्लिकटेस्ट चालू असेपर्यंत ती प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊच देत नाही. तुमचा ऑडिओ प्रोग्रॅम तशी सोय करत नसेल, तर प्रत्यक्षातला उशीर त्याहून जास्तही असू शकतो.

ठाणे मशीनवाला
दोघांनाही एक सांगतो. दादरला फास्ट आणि स्लोचे रूळ वेगळे आहेत ना? तसा एक कोर वेगळा काढा. आयसोलसीपीयूज या कर्नलच्या सेटिंगने बाकीची कामं तिथून हटवा आणि इंटरप्टही दुसऱ्या कोरकडे वळवा. आमच्या मोटर कंट्रोलला आरटी आणि हे, दोन्ही लागलं.

दादरचा रेकॉर्डिस्ट
सर्व्हरवाले दादा, झोपेचं मला खरंच माहीत नव्हतं. गाढ सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) बंद केले. एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट तासभर चालवलं, काही सापडलं नाही. म्हणून आरटीएलए या लिनक्सच्या साधनातला टायमरलॅट लावला. तो नुसता आकडा देत नाही, त्या क्षणी प्रोसेसर कोणी अडवला होता तेही दाखवतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघाला, लॉक धरून इंटरप्ट बंद ठेवून बसलेला. खिडकी ओढली की उशीर! तबला वाजत असताना मी वेव्हफॉर्म मोठा करून बघत होतो, ते आत्ता आठवलं. आरटीमध्ये तोच लॉक झोपणारा होतो, इंटरप्ट चालू राहतात. आरटी लावून तशीच खिडकी ओढली, कमाल ७० मायक्रोसेकंद.

डेटाबेसचं तुमचं बरोबर, 'सगळ्यांनी' हा शब्द मागे घेतो. पण ज्याला वेळ पाळायची आहे, त्याने सरासरी सांगूच नये, यावर मी ठाम आहे.

अंधेरी सर्व्हरवाला
त्यावर वाद नाही. पण ७० किती वेळात? दहा मिनिटांच्या कमालीवर मी विश्वास ठेवणार नाही. डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स सगळ्यांवर एकदम ताण द्या आणि रात्रभर चालू ठेवा.

दादरचा रेकॉर्डिस्ट
वीसच मिनिटं चालवलं होतं. शनिवारी तेच तबलावादक पुन्हा येणार आहेत. शुक्रवारी रात्रभर लावतो, सकाळी आकडा इथेच टाकतो.