पॅलिएटिव्ह केअर परवडत नाही?
वर एकांनी लिहिलंय की पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, ही श्रीमंत देशांची चैन आहे, आपल्याला परवडायची नाही. मला हे अजिबात पटत नाही. केरळ बघा. 1993 मध्ये कोझिकोडला याची सुरुवात झाली, 2008 मध्ये राज्याने धोरणच केलं, आणि आता पंचायतींच्या मदतीने नर्स घरोघरी जातात. त्यांच्या पिशवीत महागडं काही नसतं. कॅन्सरच्या उघड्या जखमेला कधी इतका वास येतो की नातवंडंही जवळ जायला कचरतात. मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची साधी गोळी कुटून जखमेवर भुरभुरली की काही दिवसांत वास उतरतो आणि माणूस पुन्हा घरच्यांत येऊन बसतो. तीव्र वेदनांवरच्या मॉर्फिनच्या गोळ्याही स्वस्तच असतात. घरं कर्जात बुडतात ती शेवटच्या आठवड्यांतल्या आयसीयूच्या बिलांनी!

शिवाय यासाठी उपचार सोडावे लागत नाहीत. बोस्टनमधल्या 2010 च्या अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना ही सेवा निदानानंतर लगेच, केमोच्या जोडीने दिली. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं आणि जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 8.9 ऐवजी 11.6 महिने आला.

पुण्यात कुणाला गरज असेल तर वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, तिथे पैसे घेत नाहीत. अगदी शेवटपर्यंत थांबू नका, आधीच जाऊन बोला.